अंबरनाथला समुद्र नाही, मग नौदलाची गुप्त प्रयोगशाळा तिथे कशी? आत शस्त्रं बनतात का?

तुम्ही म्हणताय ती डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेची, नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, एनएमआरएल. नौदलाला लागणाऱ्या साहित्यावर, म्हणजे धातू, रंग वगैरेंवर, तिथे संशोधन होतं. तोफा-बंदुका तिथे बनत नाहीत. ऑर्डनन्स फॅक्टरी वेगळी, तीही अंबरनाथलाच, म्हणून गल्लत होते. या प्रयोगशाळेची सुरुवात १९५३ मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातच झाली. आपल्या ठाणे जिल्ह्यात ती नंतर आली.

समुद्राचं म्हणाल, तर तो कपाटात मावतो. मी इथल्याच आनंदनगर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे सॉल्ट स्प्रे चेंबर आहे: ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, आत रात्रंदिवस खारं धुकं. रंगवलेल्या पत्र्यावर सुरीने फुली मारून आत ठेवायचा. रंग कच्चा असेल तर थोड्याच दिवसांत फुलीच्या कडेने तांबूस ओघळ उतरतात, नख लावलं की पापुद्रा हातात येतो. जहाजाच्या बुडाला हे झालेलं कसं चालेल?

पण तिथलं सगळ्यात मोठं काम पाणबुडीचं. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन चालवावं लागतं, इंजिनाला हवा लागते, म्हणून वर येऊन नळी पाण्याबाहेर काढावी लागते. शत्रू तेवढ्याचीच वाट बघत असतो. एनएमआरएलने त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडचे फ्युएल सेल, म्हणजे इंजिनाशिवाय हायड्रोजनपासून वीज देणारे संच, तयार केले. हायड्रोजन पाणबुडीतच बनवायचा. सेलमधून वीज मिळते आणि मागे उरतं पाणी, ते समुद्रात सोडून द्यायचं. पाणबुडी जास्त दिवस खाली राहू शकते. ८ मार्च २०२१ ला जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी पार पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. हे वाचलं त्या दिवशी ऊर भरून आला होता.

हे सगळं जाहीर आहे. गुप्त आहे ते प्रमाण: कशात काय, किती. माहिती अधिकाराच्या कलम २४ मुळे डीआरडीओकडून ते मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रंगाचा फॉर्म्युला आम्हीसुद्धा कुणाला दाखवत नाही. तिथे तर खलाशांचे जीव त्यावर आहेत.

आमच्या सोसायटीत तिथून निवृत्त झालेले एक काका आहेत. जहाजांचं काही विचारलं की विषय बदलतात. गेटला कुठला प्रायमर लावायचा, हे मात्र स्वतः उन्हात उभं राहून दाखवलं. यंदा चौथा पावसाळा, गेटवर गंजाचा ठिपका नाही.