वाचकांचे प्रश्न : मोटरहोमचा ब्रेकर सारखा पडतो तेव्हा

प्रश्न : आमच्या मोटरहोमचं पॅनेल 120 व्होल्टचं, 30 अँपिअर जोडणीचं आहे. एसी लावला की वीस-पंचवीस मिनिटांत त्याचा 20 अँपिअरचा ब्रेकर पडतो. ब्रेकरवरची अक्षरं पुसली गेली आहेत. तसाच दुसरा कसा ओळखायचा? आणि 30 चा बसवला तर कटकट संपेल का?

उत्तर : कटकट संपेल, पण 30 चा बसवू नका. ब्रेकर राखण करतो ती भिंतीत दडलेल्या वायरची, एसीची नव्हे. 20 अँपिअरच्या सर्किटला तांब्याची 12 गेजची वायर असते, 15 ला 14 गेज चालते, 30 ला 10 गेज लागते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड). 12 गेजवर 30 चा ब्रेकर बसवला तर वायर तापत राहील आणि ब्रेकर खुशाल चालू राहील.

नवा ब्रेकर आणण्याआधी जुना कधी पडतो ते नीट बघा. चालू करताक्षणीच पडत असेल तर शॉर्ट किंवा अडकलेला कॉम्प्रेसर. तुमचा ब्रेकर वेळ घेऊन पडतो, म्हणजे उष्णतेने पडतो. एसी चालू असताना सॉकेटवर व्होल्टेज मोजा. ते 105 च्या खाली जात असेल तर दोष बहुधा लांब किंवा बारीक एक्स्टेंशनचा. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते. मग क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या वायरभोवती लावा (दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर मीटर शून्य दाखवेल). पॅनेल उघडं असताना हे मोजणं जिवंत विजेजवळचं काम आहे, सराव नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आकडा 16 च्या आत असूनही ब्रेकर पडत असेल, तर ब्रेकर थकलाय किंवा सांधा सैल आहे. चालत्या गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, ढिला सांधा तापतो आणि ती उष्णता थेट ब्रेकरला लागते. अशा वेळी दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

आता ओळखण्याचं. हँडलवरचा आकडा म्हणजे अँपिअर. खरी माहिती पॅनेलच्या दारामागच्या लेबलवर असते : तिथे एचओएम, बीआर, क्यूपी अशा जातींची नावं दिलेली असतात, त्यांतलीच घ्या. दुसऱ्या जातीचा ब्रेकर वरवर बसतो, पण ब्रेकरला वीज देणाऱ्या पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवरची पकड कच्ची राहते. एकाच खाचेत दोन हँडल असतील तर तो जोड-ब्रेकर. त्यावर 15/20 सारखे दोन आकडे असतात आणि बदलायचा तर पूर्ण जोडच बदलावा लागतो.

बदलताना बाहेरची केबल उपटा, जनरेटर बंद करा, इन्व्हर्टर बंद करा. फक्त मेन ब्रेकर पाडून भागत नाही, कारण मेनच्या येणाऱ्या टर्मिनलवर वीज राहतेच. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग पॅनेलमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा. सगळीकडे शून्य आलं की ब्रेकरचा स्क्रू सोडवून वायर काढा आणि ब्रेकरची पट्टीकडची बाजू बाहेर ओढत त्याला हुकावरून उचला. नवा बसवताना आधी हुक, मग पट्टीवर दाबणं, शेवटी वायर. टोकाचं प्लास्टिक करपलं असेल तर वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. स्क्रू किती आवळायचा तो आकडा ब्रेकरवर छापलेला असतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा.

एक गोष्ट मात्र डोळे फाडून बघा : ब्रेकर निघाल्यावर पट्टीवर काळपट डाग, खड्डे किंवा निळसर छटा दिसली तर नवा ब्रेकर घालू नका. तोही तिथेच करपेल. पॅनेल बदलावं लागेल. आणि न्यूट्रल व अर्थच्या पट्ट्या घरच्या सवयीने एकमेकींना जोडू नका. गाडीत त्या वेगळ्याच असतात. जोडल्या तर सदोष जोडणीवर गाडीचा पत्राच शॉक देऊ शकतो.

प्रश्न : 12 व्होल्टच्या बाजूला बॅटरीजवळचा दोन स्टडचा (वायर आवळायच्या दोन बोल्टांचा) छोटा ब्रेकर गेला आहे. घरी शिल्लक असलेला एमसीबी (घरच्या वायरिंगचा छोटा ब्रेकर) लावू का?

उत्तर : नको. घरच्या विजेत, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या एसी प्रवाहात, प्रवाह सेकंदाला शंभर ते एकशेवीस वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. बॅटरीच्या एकाच दिशेच्या डीसी प्रवाहात तो शून्यावर येतच नाही, संपर्क उघडला तरी ठिणगी पेटती राहू शकते. त्यामुळे डीसीसाठी प्रमाणित ब्रेकरच घ्या, तेवढ्याच अँपिअरचा. जुना स्वतःहून परत चालू होणारा होता, की बटण दाबून चालू करायचा, ते पाहून त्याच प्रकारचा आणा. सहसा तांबूस स्टड बॅटरीचा आणि पांढरा लोडचा (उपकरणांकडचा) असतो, तरी अंगावर लिहिलेली खूण बघून खात्री करा. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, शेवटी जोडा.

प्रश्न : 230 व्होल्टच्या गाडीत बी लिहिलेल्या एमसीबीऐवजी सी चालेल का?

उत्तर : बी एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पट प्रवाहाला झटक्यात पडते, सी 5 ते 10 पटीला. चालू होताना जोराचा प्रवाह घेणाऱ्या एसीला सी सोयीची, पण शॉर्ट झाल्यावर तेवढा प्रवाह तुमच्या वायरिंगमधून मिळतो का हे मोजल्याशिवाय बदलू नका. ते मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.