आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

प्रश्न : आदरणीय सर, दोन महिन्यांपूर्वी मी ११ वर्षं जुनी, ४ सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. घेताना ठीक वाटली. आता उभी असली की थरथरते, जोरात रेस केली की मागून काळा धूर सोडते आणि ॲव्हरेज साफ घसरलं आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०२ हे कोड आले. पहिल्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असा सांगितला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, मग पातळ कसं? ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, फरक काही नाही. प्लग काढले तर १, ३ आणि ४ नंबरचे काजळीने माखलेले, २ नंबरचा तेवढा स्वच्छ, पांढुरका. (फोटो सोबत आहे.) मेकॅनिक म्हणतो, काळ्या प्लगांचे तिन्ही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) गळताहेत, बदलून टाका. बदलू का?

उत्तर : सर नाही, बाई. असू दे, इंजिनाला त्याने फरक पडत नाही.

बदलू नका. प्लगचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्या फोटोतच दिसतंय. फक्त चोर सोडून संन्याशाला सुळी चाललीय. तिन्ही काळे प्लग निरपराध आहेत. माझा संशय त्या गोऱ्यागोमट्या २ नंबरवर आहे.

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला, एवढंच त्याला कळतं. शिवाय तो बसलेला असतो चारही सिलिंडरांचा धूर एकत्र होतो तिथे, त्यामुळे ऑक्सिजन कुणाकडून आला हे त्याला ठाऊक नसतं. आता समजा, २ नंबरचा इंजेक्टर चोंदलाय. सिलिंडरात हवा पूर्ण शिरते, पेट्रोल मात्र अर्धंमुर्धं. ठिणगी पडते पण धड पेट घेत नाही. तुमची थरथर ती हीच, आणि पी०३०२ म्हणजे ‘२ नंबरचं मिसिंग’ तेही हेच. न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर ओरडतो, ‘पातळ!’ कॉम्प्युटर हुकमाचा ताबेदार, तो पेट्रोल वाढवतो. वाढवतो ते चौघांनाही. २ नंबरच्या चोंदलेल्या तोंडातून तरीही पुरेसं उतरत नाही. बाकीच्या तिघांचं मात्र वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे गणित आधी नीट जमलेलं होतं. त्यांच्या नाकातोंडात पेट्रोल जातं आणि ते काजळी ओकायला लागतात. म्हणजे स्कॅनर खरं बोलतोय आणि धूरही खरं बोलतोय. नवा सेन्सरही तेच बोलणार, जुना बिचारा उगाच गेला.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. शिकाऊ होते तेव्हा अशाच एका गाडीच्या काळ्या प्लगांचे तीन इंजेक्टर काढून मी टेस्ट बेंचवर लावले. चौथा ‘चांगला’ म्हणून गाडीतच ठेवला. तिन्ही काचेच्या नळ्या समसमान भरल्या, केसाचा फरक नाही. मी बेंचवरच शंका घेतली. दोनदा पुन्हा लावले, जागा बदलून लावले. शेवटी वैतागून चौथा काढून आणला. आधीच्या तिघांचा फवारा कसा, धुक्यासारखा, शंकूच्या आकारात पसरलेला. याची निघाली एक वाकडी, बारीक धार, काचेला एका बाजूने चिकटून ओघळणारी. चाचणी संपली तेव्हा त्याच्या नळीतली पातळी इतरांपेक्षा करंगळीची दोन पेरं खाली होती. माझे वस्ताद मागे उभे राहून हे सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, चहा प्यायला निघून गेले. तो अपमान मला अजून आठवतो.

तुम्ही आधी खात्री करून घ्या. इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा; शॉर्ट टर्म (आत्ताचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) दोन्हींची बेरीज. उणे १० ते अधिक १० टक्के इथपर्यंत कुणी काळजी करत नाही. तुमचा आकडा अधिक २०च्या आसपास किंवा त्याहून वर असेल असा माझा अंदाज. तो आयडलिंगला (रेस न देता) एकदा बघा आणि २५०० आरपीएमला धरून पुन्हा बघा. आयडलिंगला खूप आणि २५००ला शून्याजवळ आला, तर इंजेक्टरला हात लावू नका. तिथे हवा चोरून शिरतेय. २ नंबरच्या बाजूचं इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा, एखादा व्हॅक्यूम पाइप तडकलाय का बघा. थ्रॉटल जवळजवळ बंद असतो तेव्हा ही चोरटी हवा मोठी ठरते, उघडला की तीच किरकोळ होते. आकडा दोन्हीकडे वरच राहिला, तर मग इंजेक्टर.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघा. १, ३, ४चं काढलं की इंजिन दचकेल, आरपीएम पडेल. २चं काढून काहीच झालं नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच सुट्टीवर आहे. कनेक्टर इंजेक्टरचंच काढायचं, ठिणगी देणाऱ्या कॉइलचं नाही. कॉइल बंद केली की कच्चं पेट्रोल थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि आतली जाळी वितळेपर्यंत मजल जाऊ शकते.

मग २ आणि ३ नंबरच्या इंजेक्टरांची अदलाबदल करा. रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर आधी सोडा, इंजिन थंड असू दे, ओ-रिंगा नव्या घाला. कोड पी०३०२चा पी०३०३ झाला की खटला संपला. कोड जागचा हललाच नाही, तर प्लग आणि कॉइल अशाच फिरवा, आणि तरीही नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाते तो दाब) मोजा. एक गोष्ट मात्र आजच बघा: कूलंटची पातळी उतरतेय का? हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून) पाणी झिरपणारा सिलिंडरही प्लग असाच धुऊन लखलखीत करतो. पातळी स्थिर असेल तर तो विषय सोडून द्या.

इंजेक्टर बहुधा बदलावाही लागणार नाही, अल्ट्रासॉनिक सफाईने पुष्कळदा सुटतो. चारही एकदम साफ करून घ्या. आणि बसवल्यावर कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसायला विसरू नका. नाहीतर तो सवयीने जादा पेट्रोल ओततच राहील, आता तर चौघांनाही पोटभर, आणि पहिले काही किलोमीटर गाडी आधीपेक्षा काळी धुरेल. लोक इथेच ‘काम बिघडलं’ म्हणून गाडी परत आणतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलही बदला. ते पातळ झालेलं असणार.

घेताना ठीक वाटली म्हणता. इंजिन आधीच गरम होतं का, आठवून बघा; गरम इंजिनात बरीच दुखणी लपतात. आणि कोड विक्रीच्या आदल्या दिवशी पुसता येतो. तो तसा पुसला असेल तर स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर गाडी स्वतःच्या करते त्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसतात. पुढच्या वेळी ते पान बघा.

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी सकाळी चालू करताना निळ्या धुराचा एक भपका सोडते, मग दिवसभर काही नाही. गराजमध्ये सांगतात, पिस्टन रिंगा गेल्या, इंजिन उतरवा.

उत्तर : थांबा जरा. रिंगा गेलेली गाडी चढावर, ओढताना धुरते. नुसत्या सकाळच्या भपक्याला रिंगा जबाबदार नसतात. रात्रभर वाल्व्हच्या दांड्यावरून ऑइल थेंबथेंब खाली उतरतं आणि सकाळी एका दमात जळतं, म्हणजे वाल्व्ह सील कडक झालेत. लांब उतारावर गियरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्या. खाली पोचून पाय द्याल तेव्हा आरशात निळा ढग दिसला की सीलच. कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमी आलं तर सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. त्याने आकडा वर चढला तरच रिंगांचं नाव घ्यायचं. बऱ्याच इंजिनांत सील हेड न उतरवता बदलता येतात. गराजवाल्याला हे विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

प्रश्न : सकाळी पांढरा धूर आणि सायलेन्सरमधून पाणी टपकतं. हेड गॅस्केट गेलं का?

उत्तर : १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात. पाचदहा मिनिटांत वाफ थांबत असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर गाडी चालवा.