वाचक विचारतात : मुलाचे नाव ‘अनघ’ ठेवावे का?

‘अनघा’ नावाची मुलगी किंवा मावशी बहुतेक मराठी घरांच्या ओळखीत असते. ‘अनघ’ मात्र क्वचितच भेटतो. या नावाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : नावांच्या वेबसाइटवर ‘अनघ’चा अर्थ कुठे ‘ढग’, कुठे ‘सूर्य’, तर कुठे ‘सुंदर’ असा दिला आहे. खरा कोणता? आणि हे देवाचे नाव आहे का?

‘ढग’ हा अर्थ ‘घन’ या शब्दाशी झालेल्या गल्लतीतून आलेला दिसतो. ‘सूर्य’ला आधार नाही. ‘अघ’ म्हणजे पाप किंवा दोष. नकाराचा ‘अ’ स्वरापुढे आला की त्याचा ‘अन्’ होतो. ‘अनंत’, ‘अनादि’, ‘अनर्थ’ हे शब्द असेच झाले. तेव्हा अन् + अघ, म्हणजे ज्याच्या ठायी पाप नाही तो. ‘सुंदर’ हा अर्थ निराधार नाही, पण तो दुसऱ्या पायरीवर येतो. शाकुंतलात कालिदासाने शकुंतलेच्या रूपाला ‘अनघ’ म्हटले आहे. तिथे अर्थ निर्दोष, कुठे बोट ठेवायला जागा नाही असे रूप.

देवाचे नाव म्हणाल तर विष्णुसहस्रनामात ते दोनदा येते. ‘अनघो विजयो जेता’ इथे 146वे, आणि ‘अमूर्तिरनघोऽचिन्त्यो’ इथे 831वे. गीतेत श्रीकृष्ण अर्जुनाला याच शब्दाने हाक मारतो (3.3, 14.6, 15.20). दत्तोपासनेत तर दत्तात्रेयांनाच ‘अनघ’ म्हणतात. मार्गशीर्ष वद्य अष्टमीचे अनघाष्टमी व्रत त्यांचे आणि त्यांची शक्ती अनघा हिचे. म्हणून दत्तभक्त घरात हे नाव आले, तर ते उगाच हटके म्हणून ठेवले आहे असे कोणी म्हणणार नाही.

एक सावधगिरी. ‘अघोर’ या शब्दात ‘अघ’ नाही. तो अ + घोर असा फुटतो. घरातले कोणी या दोन शब्दांचे नाते जोडून नावाला नाके मुरडत असेल, तर एवढे सांगणे पुरे.

प्रश्न : सासरचे म्हणतात, हे मुलीचे नाव आहे, शाळेत मुले चिडवतील.

मराठीत बोलताना ही अडचण फारशी येत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेते. ‘अनघ आला’ आणि ‘अनघा आली’ यात कोणी फसत नाही. खरी कुचंबणा विभक्तीत होते. जुन्या वळणाने ‘राम’चे ‘रामाला’ होते, तसे ‘अनघ’चे ‘अनघाला’, ‘अनघाचा’ होते, आणि ते थेट मुलीच्या नावाशी जुळते. म्हणून पहिल्या दिवसापासून घरात ‘अनघला’, ‘अनघचा’ असेच म्हणा. हल्लीच्या नावांना सामान्यरूप न लावण्याची सवय आता सगळ्यांना आहेच.

चिडवण्याचे म्हणाल, तर ‘अनघा’पेक्षा ‘अनघड’ जास्त जवळचे आहे. अनघड म्हणजे न घडलेला, ओबडधोबड. चिडवायचेच असेल, तर मुलांना कोणतेही नाव पुरते, एवढ्यावरून नाव टाकून देऊ नये.

प्रश्न : आजोबांचे म्हणणे, मुलाच्या नावात सम अक्षरे हवीत. ‘अनघ’ तीन अक्षरी आहे.

आजोबांना आधार आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचे विषम अक्षरी असावे असे आहे. आरंभीचे अक्षर मृदू व्यंजन असावे, असेही तिथे म्हटले आहे. ‘अनघ’ स्वराने सुरू होते, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर ते अडते.

पण त्याच कसोटीवर केशव, माधव, गोविंद, मुकुंद, श्रीधर हीही तीन अक्षरी नावे अडतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शिवाय पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूत नाव चार प्रकारचे सांगितले आहे : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. सम अक्षरांचा आग्रह असेल, तर बारशाला गुरुजींना या चारांपैकी एक नाव तसे निवडायला सांगा आणि व्यवहारात ‘अनघ’ ठेवा. आजोबांचाही मान राहतो.

प्रश्न : ‘अ’ हे मेष राशीचे अक्षर ना? आमच्या बाळाची रास वेगळी आहे.

‘अ’ सबंध मेष राशीचे अक्षर नाही. ते कृत्तिका नक्षत्राच्या फक्त पहिल्या चरणाचे आहे, म्हणजे मेषेच्या शेवटच्या 3 अंश 20 कलांचे. उरलेल्या तीन चरणांची ई, उ, ए ही अक्षरे वृषभेत जातात. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात, म्हणून जन्मवेळ ढोबळ असेल तर अक्षर चुकू शकते. रास वेगळी असेल, तर नाक्षत्रनाम त्या अक्षराचे कानात सांगावे आणि हाकेचे नाव हवे ते ठेवावे. वर सांगितलेली चार नावांची सोय याच कामाची.

प्रश्न : जन्मदाखल्यावर नाव घालताना काय जपावे?

बाकीच्या शंका घरात मिटतात, ही चूक मात्र मुलाबरोबर वाढते. म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजीत ANAGH लिहा, शेवटी A नको. ANAGHA लिहिले की ते ‘अनघा’ वाचले जाते आणि पुढे कोणीतरी संगणकावर लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ निवडतो. काही घरांत संस्कृत उच्चार जपायचा म्हणून मुद्दाम शेवटचा A घालतात. मराठी माणूस शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही, मग तो कागदावर हवा कशाला? ANAG असेही नको. त्यातला ‘घ’ गेला की अर्थच गेला.

देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ची अदलाबदल होते. हाताने लिहिलेल्या अर्जावर ‘घ’ची शिरोरेषा अखंड ओढा. ती डावीकडे तुटली आणि टोकाला गाठ दिसली की टंकलेखक ‘अनध’ करतो, आणि त्या शब्दाला काही अर्थ नाही. दाखला हातात आल्यावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही ओळी एकेक अक्षर लावून तिथेच वाचा.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. आईचे नाव ‘अ’ने सुरू होत असेल, तर एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘अनघ अदिती’ भरभर म्हटले की ‘अनघा दिती’ ऐकू येते. हजेरी घेताना हेच होणार. लिहिताना दोन नावांत स्पष्ट जागा सोडली की कागदावर तरी गोंधळ होत नाही.

नाव ठरले नसेल, तर घाईने काहीतरी लिहून देऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येते, आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेले नाव बदलणे मात्र जिकिरीचे. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम 15 चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे, हौसेने नाव बदलण्यासाठी नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांना जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

प्रश्न : जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. ‘अनघ-अनघा’ ठेवू का?

नको. दत्तपरंपरेत अनघ आणि अनघा हे पती-पत्नी आहेत, व्रतात त्यांची जोडीने पूजा होते. भावंडांना ती जोडी शोभत नाही. शिवाय एका A च्या फरकाने दोघांचे निकाल, लसीकरणाची कार्डे आणि आधार एकमेकांत मिसळतील. मुलगा अनघ असेल, तर मुलीला वेगळ्या अक्षराचे नाव द्या. दोन्ही मुलगे असते, तर सहस्रनामातलेच ‘अमोघ’ जोडीला सुचवले असते. तरी अनघ-अमोघ अशा हाका एका घरात मारताना जीभ अडखळतेच.

प्रश्न : हे नाव खरोखर किती दुर्मीळ आहे? एका वेबसाइटवर लोकप्रियतेचे टक्के दिले आहेत.

टक्के कुठल्या नोंदींवरून काढले, हे तिथे लिहिले आहे का ते आधी पाहा. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी काढते, तीही निदान 5 बाळांना दिलेल्या नावांची. आपल्याकडे तशी वार्षिक यादी निघत नाही, म्हणून ‘भारतात क्रमांक अमुक’ असे छापलेले आकडे बाजूला ठेवा. त्यापेक्षा ज्या शाळेत मूल जाणार, तिथल्या पहिली-दुसरीच्या हजेरीतली नावे एखाद्या ओळखीच्या पालकांना विचारा. त्यात दोन-तीन अनघा आणि एकही अनघ नसेल, तर बाईंना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा : शेवटी काना नाही.