वास्तुकलेवरचं बायका वाचत नाहीत, हे ठरवलं कुणी?

तुम्ही विचारलंय, की वास्तुकलेवरच्या लेखांना पत्रं पाठवणारे बहुतेक साठीपुढचे पुरुषच का असतात, तरुणांना आणि बायकांना त्यात रस नसतो का?

रस असतो, पण छापणाऱ्याला तो दिसत नाही.

लग्न होऊन मी नाशिकला सराफ बाजाराजवळच्या वाड्यात आले. सप्टेंबर 2008 मध्ये गोदावरीचा पूर बाजारात शिरला, त्यानंतर इथल्या एका दैनिकात वाड्यांवर लेख आला. दिंडी दरवाजा, कोरीव खांब, सगळं होतं. वाडे पडतात का, तर म्हणे जुने झाले म्हणून. मी रात्री बसून दीड पान लिहिलं. आमचं जोतं दगडाचं, वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. अशी भिंत नुसत्या पावसाने नाही पडत. पन्हळ तुंबते, पाणी भिंतीच्या पोटात जातं आणि मग ती फुगते. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असला तर ओल आतच कोंडते. मोरीशेजारची आमची भिंत चैत्रातही हाताला गार लागायची, गिलाव्यावर टिचकी मारली की पोकळ वाजायची. पुरुष सकाळीच दिंडी दरवाजातून बाहेर पडत. मागच्या चौकात दिवसभर आम्हीच असायचो, मग हे आम्हाला नाही कळणार तर कुणाला?

पत्र छापलं, पण महिला पुरवणीत, पाककृतीच्या शेजारी. गिलाव्याचा परिच्छेद गाळून. त्याच आठवड्यात मुख्य अंकात एका गृहस्थांच्या बालपणीच्या आठवणी दोन रकाने भरून होत्या.

थोरले भावजी बांधकामाचे ठेके घेत. म्हणाले, "बरोबर केलं, हा बायकांचा विषयच नाही." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देते. न्यूयॉर्क टाइम्सने 1963 मध्ये वास्तुसमीक्षक नेमलं ते एडा लुईझ हक्स्टेबल या बाईंना. समीक्षेचं पहिलं पुलित्झर 1970 मध्ये त्यांनाच मिळालं. आपल्या मुंबईत 1946 मध्ये 'मार्ग' हे कला आणि वास्तुकलेचं मासिक सुरू करणाऱ्यांत मिनेट डी सिल्वा होत्या, त्या स्वतः आर्किटेक्ट.

तरुणांचं म्हणाल, तर माझी भाची आर्किटेक्चरला आहे. ती नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा फोटो टाकते आणि खाली तिच्या वयाची पोरं तावातावाने भांडतात. संपादकांना पत्र मात्र कुणी लिहीत नाही. दहा दिवस वाट कोण बघणार?

वयस्कर पुरुष वाईट लिहितात असं माझं म्हणणं नाही. निवृत्तीनंतर वेळ असतो, पत्राखाली नाव घालायचा संकोच नसतो. धाब्याच्या छताचं मला कळलं ते गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडूनच. आणि हे सगळं मी एका गल्लीवरून सांगतेय, हेही धरून चला.

सिंहस्थ आला की घाटावर बांधकामं निघतातच. घरातल्या बाईला त्यावर लिहायला लावा, आणि पत्राच्या डोक्यावर 'मुख्य अंकासाठी' असं ठळक लिहा. भावजी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते: मागच्या चौकातली भिंत फुगली ती पन्हळीखालीच, मी बोट ठेवलं होतं तिथेच.