डीफ्रॅगचे साधन निवडण्याआधी डिस्कची प्रकृती पाहा

नमस्कार. सात वर्षांचा लॅपटॉप, त्यात १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोजमधला डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे डिस्कवर सलग मांडणारी सोय) रात्रभर चालवूनही एकाच टक्क्यावर अडकलेला, मधूनमधून येणारा टकटक आवाज आणि त्यावर दुकानदाराचा सल्ला की चांगले विकतचे डीफ्रॅग सॉफ्टवेअर घ्या, सगळे सुरळीत होईल. आपला हा मजकूर वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या घरी अगदी हेच घडले होते. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या आपल्या मूळ प्रश्नाकडे मी नंतर येतो. आधी एक विनंती आहे. डीफ्रॅग चालू असेल तर ‘स्टॉप’ दाबून तो थांबवा, त्याने फाइली बिघडत नाहीत, आणि महत्त्वाच्या फाइली आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

विखंडन म्हणजे एकाच फाइलीचे तुकडे डिस्कवर इकडेतिकडे विखुरणे, हे आपल्याला ठाऊक आहे असे आपल्या लिखाणावरून दिसते, म्हणून ते अधिक सांगत बसत नाही. निव्वळ विखंडनामुळे डीफ्रॅगला वेळ लागतो, पण आकडा हळूहळू पुढे सरकत राहतो. तो तासन्‌तास एकाच जागी थांबतो आणि सोबत आवाजही येतो, तेव्हा बहुधा डिस्क एखादा खराब सेक्टर (माहिती साठवण्याचा लहानसा कप्पा) पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत असते. याची खातरजमा करण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. पहिली ओळ खराब झाल्याने राखीव जागेतून बदलून घेतलेले सेक्टर दाखवते, दुसरी संशयास्पद ठरून निर्णयाची वाट पाहणारे आणि तिसरी दुरुस्त न होऊ शकलेले. त्यातले मूळ आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर (अंकांसोबत ए ते एफ ही अक्षरे वापरून) दिसतात, ते दशमान पद्धतीत दिसतील असे सेटिंग करून घ्या, नाहीतर वाचताना गोंधळ होतो. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीच्या ‘सिस्टिम’ विभागात ‘डिस्क’ या स्रोताखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार आल्या असतील तर संशय पक्का समजा. सी५चा आकडा शून्य नसेल तर मी त्या डिस्कवर कोणत्याही कंपनीचा डीफ्रॅग चालवणार नाही. विंडोजच्या ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या साधनाची संपूर्ण पृष्ठभाग तपासणीसुद्धा फाइली सुरक्षित झाल्यावरच करावी.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे कारण आहे. आमचा लॅपटॉप मंद झाला तेव्हा तो शहरातल्या एका नावाजलेल्या सेवा केंद्रात दिला. काउंटरवरच्या माणसाने जॉबशीटवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) ‘स्लो’ एवढा एकच शब्द लिहिला आणि वेग वाढवण्याचे एक पॅकेज गळ्यात मारले. डिस्कची प्रकृती तपासण्यास एक मिनिटही लागत नाही, पण ती तपासणी कोणी केली नाही. त्यांनी थेट एक बाहेरचे साधन बसवले आणि त्यातला ‘फुल ऑप्टिमाइझ’ हा पर्याय लावून दिला. या पर्यायात केवळ तुटलेल्या फाइली जोडल्या जात नाहीत. मोकळी जागा एकसंध करण्यासाठी धडधाकट फाइलीही उचलून दुसरीकडे मांडल्या जातात, म्हणजे जवळपास सगळी डिस्क वाचून पुन्हा लिहिली जाते. डिस्क अर्ध्यावरच बंद पडली. त्यावर आम्हाला उत्तर मिळाले की डिस्क जुनी होती आणि माहिती गेल्यास केंद्र जबाबदार नाही असे पावतीच्या मागे छापलेले आहे. काम सुरू करण्यापूर्वी डिस्कची स्थिती काय होती, असे मी लेखी विचारले, तर त्याची नोंदच कोणाकडे नव्हती.

डीफ्रॅगनेच डिस्क मारली असे मी म्हणत नाही. ती आधीच बिघडत चालली होती. पण तिच्यात जे थोडे तास शिल्लक होते ते फाइली उतरवून घेण्यासाठी वापरायला हवे होते, आणि ते फाइलींची मांडणी बदलण्यात खर्ची पडले. पुढे एका जाणकाराने ती डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कवरून माहिती काढणाऱ्या साधनाच्या साहाय्याने वाचता येईल तेवढे वाचून दिले. वडिलांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे तिच्यात होती. त्यांतली काही मिळाली, पण निरूपण चालू असताना आवाज तुटतो आणि दृष्टान्ताचा शेवट कधीच ऐकू येत नाही. म्हणून कोणाच्याही हाती यंत्र देताना जॉबशीटवर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात असे माझे ठाम मत आहे: डिस्कची तपासणी आधी करावी, आणि मला विचारल्याशिवाय कोणतेही साधन चालवू नये. जे केंद्र हे लिहून देण्यास तयार नसेल तिथून यंत्र परत आणावे.

फाइली उतरवताना विंडोजमधली रोबोकॉपी ही फाइली नकलणारी आज्ञा वापरणार असाल तर पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा आवर्जून कमी करा. मुळात ती १० लाख असते आणि दर प्रयत्नामागे ३० सेकंदांची प्रतीक्षा असते, त्यामुळे खराब सेक्टरवरची एकच फाइल सगळे काम अडवून धरते. चुकून पुसलेले फोटो परत मिळवायचे असतील तर त्या डिस्कवर डीफ्रॅग मुळीच करू नये, कारण ज्या जागेत ते फोटो अजून शिल्लक असतात तिथेच दुसऱ्या फाइली येऊन बसतात.

आता साधनाच्या निवडीविषयी. डिस्क निरोगी निघाली तर माझ्या मते विंडोजमधले ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ घरच्या वापराला पुरते आणि पैसे खर्च करण्याची गरज नाही. विकतची साधने आपल्या नकाशात लाल ठिपके, म्हणजे विखुरलेल्या फाइली, दाखवतात आणि विंडोज तर शून्य टक्के म्हणते, मग खरे काय, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा हा मोजण्याच्या पद्धतीतला फरक असतो. व्हिस्टापासून विंडोज ६४ एमबी किंवा त्याहून मोठा तुकडा जोडण्याच्या फंदात पडत नाही, आणि हे योग्यच आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला योग्य ट्रॅक (माहिती असलेले वर्तुळ) गाठून अर्धी फेरी पूर्ण होईपर्यंत साधारण १५ ते २० मिलिसेकंद लागतात, तर ६४ एमबी वाचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. अशा दोन तुकड्यांमधली उडी जाणवतही नाही. एखादीच मोठी फाइल, उदाहरणार्थ व्हर्च्युअल मशीनची (संगणकातल्या आभासी संगणकाची), फार विखुरली असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले कॉन्टिग हे साधन तेवढी एक फाइल सलग करून देते. डीफ्रॅग्लर हे बाहेरचे डीफ्रॅग साधन एके काळी मलाही आवडत असे, पण त्यात बऱ्याच वर्षांत सुधारणा झालेली नाही, म्हणून आज मी ते सुचवणार नाही.

‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’च्या यादीत ‘मीडिया टाइप’ हा रकाना असतो, तो जरूर पाहा. तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ (एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क) असे असेल तर तेच ‘ऑप्टिमाइझ’ बटण ट्रिमची आज्ञा पाठवते, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते डिस्कला कळवते. एसएसडीवर बाहेरचा डीफ्रॅग चालवल्याने फायदा होत नाही आणि लेखनाची झीज तेवढी वाढते. साप्ताहिक वेळापत्रक दोन्ही प्रकारांत चालू राहू द्यावे. फिरत्या डिस्कवर सुमारे १५ टक्के जागा मोकळी असावी, नाहीतर फाइली हलवायला जागाच उरत नाही. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, आणि डेस्कटॉप असेल व आपल्याकडे वीज जात-येत असेल तर यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नये.

मी व्यवसायाने तंत्रज्ञ नाही आणि आपली डिस्क पाहिलेली नाही, तेव्हा हे सारे अनुभव आणि वाचन यांवर आधारलेले आहे असे समजावे. माझा कल विचाराल तर डीफ्रॅग सॉफ्टवेअरचे पैसे वाचवून त्यात थोडी भर घालावी आणि एक लहान एसएसडी घेऊन विंडोज तिच्यावर बसवावे. जुनी डिस्क तपासणीत निर्दोष ठरली तरच फोटो आणि चित्रफिती साठवायला ठेवावी. फाइली उतरवून झाल्या की ०५, सी५ आणि सी६ चे आकडे इथे लिहा, म्हणजे ती ठेवण्यासारखी आहे की नाही ते नेमके सांगता येईल.