बारा शाळांची यादी कशी भरायची? : वाचकांचे प्रश्न

न्यूयॉर्क सिटीत किंडरगार्टनच्या (म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या) अर्जांचे दिवस जवळ आले की आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो, आणि निम्म्या पत्रांत प्रश्न एक आणि ऐकीव माहिती दहा असं असतं. त्यातली चार पत्रं या वेळी घेतलीयेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकी सगळी भीती तिथूनच येते.

प्रश्न : ताई, आम्ही क्वीन्समध्ये रेगो पार्कला राहतो. मुलगा यंदा प्री-केमध्ये (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात) आहे, पुढच्या सप्टेंबरला किंडरगार्टन. झोनची, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरलेली शाळा चालत जाण्यासारखी आहे, बरी आहे, पण गर्दी खूप. मला शेजारच्या डिस्ट्रिक्टमधली (शहरातल्या शाळांच्या दुसऱ्या विभागातली) ड्युअल लँग्वेज, म्हणजे दोन भाषांत शिकवणारी शाळा फार आवडलीये. ग्रुपवर एकजण म्हणते झोनची शाळा पहिली टाकली नाहीस तर ती हातची जाईल. दुसरी म्हणते झोनची टाकूच नकोस, टाकलीस की तीच देऊन मोकळे होतात. तिसरी म्हणते फॉर्म उघडला की पहिल्याच दिवशी भर. नवरा म्हणतो सगळंच लॉटरी आहे तर एवढा विचार कशाला. मी कोणाचं ऐकू?
(एक आई, रेगो पार्क)

कोणाचंच नको. नवऱ्याचं अर्धं ऐका.

आधी तिसरीचं निकालात काढू. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसलं इथे काही नाही. अर्ज साधारण डिसेंबरमध्ये उघडतात आणि जानेवारीच्या शेवटाकडे बंद होतात, मधल्या कुठल्याही दिवशी भरला तरी वजन तेवढंच. पहिल्या रात्री जागून भरण्यापेक्षा ते मधले आठवडे शाळा बघण्यात घालवा, ओपन हाऊसला जा, आणि शेवटच्या तासासाठी मात्र ठेवू नका, कारण वेबसाइट तेव्हाच रुसते.

आता खरी गोष्ट. अर्जात जास्तीत जास्त 12 शाळा पसंतीच्या क्रमाने टाकता येतात. पुढे कॉम्प्युटर काय करतो ते एकदा समजून घेतलंत ना, की या दोघींची भांडणं आपोआप संपतात. तो आधी प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाळेत नेतो. शाळेत जागांपेक्षा नावं जास्त झाली तर प्राधान्याचे गट बघतो, आणि एकाच गटातली मुलं असतील तर प्रत्येक मुलाला लॉटरीसारखा मिळालेला रँडम नंबर बघतो. ज्यांना जागा मिळाली ती मुलं त्या शाळेत *तात्पुरती* धरून ठेवली जातात, पक्की नाही. ज्यांना नाही मिळाली ती आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, आणि तिथे आधीपासून धरून ठेवलेल्या मुलांबरोबर त्यांचा पुन्हा हिशोब होतो. समजा तुमच्या मुलाला तिथे प्राधान्य जास्त आहे, तर आधी बसलेल्या मुलाला उठावं लागतं, मग त्याने ती शाळा पहिली लिहिलेली का असेना. असं करत करत कोणाला हलवायचं उरलं नाही की थांबतात. म्हणजे वर मोठमोठी स्वप्नं लिहिली म्हणून खालच्या शाळेतला तुमचा हक्क एक इंचही कमी होत नाही, आणि तुम्ही तिला कितवी लिहिलीत हे शाळा प्राधान्य ठरवताना बघतच नाही.

ही पद्धत कुणा क्लार्कच्या डोक्यातून निघालेली नाही. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी ती मांडली, आणि पुढे 2012 मध्ये शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना अशाच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. याच रॉथनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशासाठी ही पद्धत बसवून दिली होती. मग उलटे सल्ले कुठून येतात? तर पूर्वी काही शहरांत खरंच तसं होतं. बॉस्टनमध्ये 2005 पर्यंत पहिली पसंती देणाऱ्यांनाच आधी *पक्क्या* जागा वाटून टाकायचे, त्यामुळे पहिलं नाव चुकलं तर दुसऱ्या शाळेत आधीच हाउसफुल. तिथे खेळी करावी लागायची. पद्धत गेली, सल्ला राहिला, आणि आता तो व्हॉट्सॲपवर फिरतोय.

तेव्हा ड्युअल लँग्वेज शाळा मनापासून पहिली हवी असेल तर पहिलीच लिहा. फक्त अपेक्षा किती ठेवायची ते प्राधान्याच्या गटांवरून ठरवा. झोनच्या शाळेत सगळ्यात आधी झोनमधली, भावंड त्याच शाळेत असलेली मुलं, मग झोनमधली बाकीची, मग बाहेरची पण भावंड त्या शाळेत असलेली, मग बाहेरून येऊन तिथे प्री-केला बसणारी, मग डिस्ट्रिक्टमधली बाकीची, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधून आलेली. तुम्ही शेवटच्या गटात येता. आशा बारीक आहे, पण ती लिहायला फक्त बारातली एक ओळ जाते, जाऊ द्या. एक लक्षात ठेवा, एकाच शाळेतला ड्युअल लँग्वेज वर्ग आणि साधा वर्ग हे अर्जात वेगवेगळे पर्याय म्हणून दिसतात, दोन्ही चालणार असतील तर दोन्ही टाका.

झोनची शाळा यादीत हवीच हवी. तुमच्या खऱ्या पसंतीत ती पाचवी असेल तर पाचवी, बारावी असेल तर बारावी. ती न टाकणं हा एकच मूर्खपणा या अर्जात करता येतो. आणि गर्दीच्या शाळेबाबत थोडं जास्तीचं, एरवी झोनच्या शाळेखाली काही लिहून फारसा उपयोग नसतो, कारण ती मिळूनच जाते. पण काही शाळांत झोनमधल्या मुलांनाही जागा पुरत नाही आणि त्यांनाच वेटलिस्टवर टाकून दुसरी शाळा देतात. तुमची शाळा तशी आहे का ते पेरेंट को-ऑर्डिनेटरला (शाळेतल्या, पालकांशी बोलायला नेमलेल्या व्यक्तीला) सरळ फोन करून विचारा, आणि असेल तर तिच्याखाली जवळच्या दोन-तीन शाळा टाकून ठेवा. शिवाय 2022 च्या राज्याच्या कायद्याने किंडरगार्टन ते तिसरीचे वर्ग 20 मुलांवर आणायचे आहेत, 2028 पर्यंत टप्प्याटप्प्याने. वर्ग लहान होणं चांगलंच, पण आधीच भरलेल्या इमारतीत त्याचा अर्थ जागा कमी असाही होऊ शकतो.

नवऱ्याचं अर्धं बरोबर ते रँडम नंबरपुरतं. तो आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ असतो, मायस्कूल्स या अर्जाच्या वेबसाइटवरच्या अकाउंटमध्ये बघता येतो. 0 ने सुरू झाला तर पेढे वाटा, एफने झाला तर पहिल्या दोन-तीन नावांवर फार जीव लावू नका. त्यासाठी काही करता येत नाही, म्हणून त्याच्यावर झोपही उडवू नका.

ऑफर वसंत ऋतूत येते. मिळालेल्या शाळेच्या *वर* लिहिलेल्या सगळ्या शाळांच्या वेटलिस्टवर नाव आपोआप लागतं, वेगळं काही भरायचं नाही. ऑफर स्वीकारली म्हणून वेटलिस्टवरून नाव जात नाही, तेव्हा बिनधास्त स्वीकारा. सप्टेंबरपर्यंत लोक गावं बदलतात, प्रायव्हेटला जातात, चार्टरला (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांत) जातात, यादी हलते. चार्टर शाळांची लॉटरी पूर्ण वेगळी असते बरं का, फुकटच असतात, पण अर्ज वेगळा आणि तारीखही वेगळी.

प्रश्न : आमची मुलगी 18 डिसेंबर 2022 ची. हिशोबाने ती सप्टेंबर 2027 ला किंडरगार्टनला जाईल तेव्हा पाच वर्षांचीसुद्धा नसेल. न्यू जर्सीत राहणारा माझा भाऊ म्हणतो एक वर्ष थांबव, तिकडे सगळे थांबवतात. थांबवता येईल का?
(एक बाबा, ब्रुकलिन)

थांबवता येईल, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. न्यूयॉर्क सिटीच्या पब्लिक शाळांत वर्ग जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरतो, 1 जानेवारीची आणि 31 डिसेंबरची मुलं एकाच वर्गात. किंडरगार्टनला न पाठवण्याचा हक्क पालकांना आहे, पण पुढच्या वर्षी शाळेत नेलंत तर तिला थेट पहिलीत बसवतील. म्हणजे एक वर्ष वाचत नाही, उलट किंडरगार्टनच हुकतं, आणि अक्षरं, वाचन, रांगेत बसणं हे सगळं तिथेच तर होतं. जर्सीत प्रत्येक गावची तारीख वेगळी, त्यामुळे भावाचं तिथे बरोबर असेल, इथे लागू नाही.

माझं मत विचाराल तर पाठवा. डिसेंबरची मुलं वर्गात असतातच, शिक्षिकांना सवय असते. काळजी असेल तर शाळा बघायला जाल तेव्हा चाचणीचे स्कोअर विचारत बसू नका, त्यापेक्षा विचारा की दिवसात मोकळ्या खेळाला वेळ किती, दुपारी मूल दमलं तर काय करता, बाथरूम वर्गातच आहे का. साडेचार वर्षांच्या मुलीला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आणि हो, बोलणं उशिरा, लक्ष लागत नाही असं काही खरंच वाटत असेल तर तो वयाचा मुद्दा म्हणून ढकलू नका. मूल्यमापनाची लेखी मागणी करा, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यात गरज दिसली तर मदत मिळणं हा तिचा हक्क आहे. किंडरगार्टनचा अर्ज मात्र तरीही भरायचाच.

प्रश्न : मी नातवासाठी इथे आलेली आजी आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो. सूनबाईला तिच्या मैत्रिणींनी सांगितलंय की शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा इंग्लिश लिही, मराठी लिहिलंस तर मुलाला मागच्या वर्गात बसवतात. मला हे काही पटत नाही. तुम्ही काय म्हणता?
(एक आजी, क्वीन्स)

आजी, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. हा फॉर्म अर्जाच्या वेळी नसतो, जागा मिळाल्यावर नाव नोंदवताना भरून घेतात, त्यामुळे मराठी लिहिल्याने प्रवेश जाण्याचा तर प्रश्नच नाही. घरात दुसरी भाषा आहे असं दिसलं की शाळेतली प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी आणि पालकांशी बोलते, आणि गरज वाटली तर इंग्लिशची एक चाचणी घेतात. नातू चांगलं इंग्लिश बोलत असेल तर विषय तिथेच संपला. नसेल बोलत तर त्याला इंग्लिशची जास्तीची मदत मिळते, बहुतेक ठिकाणी त्याच वर्गात बसून नाहीतर थोड्या वेळासाठी लहान गटात. मागचा वर्ग वगैरे काही नसतं.

ही मदत म्हणजे शाळेची मेहरबानी नाही. 1974 मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना नुसतं इंग्लिश वर्गात बसवून सोडून दिलं होतं, कोर्ट म्हणालं हे समान शिक्षण नव्हे. आज आपल्या मुलांना जे मिळतं त्यामागे ती मुलं आहेत. आणि निर्णय चुकला असं वाटलं तर नाव नोंदवल्यापासून शाळेच्या 45 दिवसांच्या आत पालक फेरतपासणी मागू शकतात. सूनबाईंना हे सांगा, आणि खरं तेच लिहायला सांगा. शाळेशी बोलताना अडलं तर फोनवर दुभाष्या मागता येतो, तुम्ही स्वतःसुद्धा मागू शकता.

प्रश्न : आम्ही पुण्याहून जुलैमध्ये न्यूयॉर्कला शिफ्ट होतोय, मिस्टरांचा एच-1बी. मुलगा पाच वर्षांचा. अर्जाची तारीख तर केव्हाच गेली. आता काय? तिथले एक ओळखीचे म्हणतात त्यांच्या चांगल्या झोनमधल्या घराचा पत्ता वापरा. आणि लसींचं काय लागेल?
(एक आई, पुणे)

तारीख गेली म्हणून शाळा जात नाही, पब्लिक शाळेत जागा देणं शहराला भागच आहे. शाळा चालू असेल तर झोनच्या शाळेत जाऊन नाव घालतात, पण तुम्ही जुलैत येताय तेव्हा शाळा बंद असतील, म्हणून फॅमिली वेलकम सेंटरला (शहराच्या शिक्षण खात्याच्या प्रवेशाच्या ऑफिसात) जायचं. मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पत्त्याचे दोन पुरावे आणि लसींची नोंद एवढं न्या. व्हिसा कुठला हे शाळा विचारत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही.

ओळखीच्यांच्या पत्त्याचं मनातून काढून टाका. तपास होतो, खोटं निघालं की प्रवेश जाऊ शकतो, आणि पाच वर्षांच्या पोराला घरचा पत्ता खोटा सांगायला शिकवणार का? खरंच त्यांच्याकडे राहणार असाल, भाडेकरार तुमच्या नावावर नसेल, तर त्यासाठी रीतसर ॲफिडेव्हिट असतं, ते मुख्य भाडेकरू आणि तुम्ही मिळून भरायचं. घर शोधताना मात्र भाडं ठरवायच्या आधी तो नेमका पत्ता टाकून झोन बघा. रस्त्याच्या या बाजूची बिल्डिंग एका शाळेत आणि समोरची दुसऱ्या शाळेत असं सर्रास असतं, ब्रोकरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. डिस्ट्रिक्ट 1, 7 आणि 23 मध्ये तर झोनच्या शाळाच नाहीत, तिथे सगळ्यांनी पसंतीच द्यायची.

लसींबाबत निघायच्या आधी डॉक्टरांकडे जा, यात आपली मंडळी हमखास अडकतात. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, न्यूयॉर्कमध्ये पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, आणि एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्र लसीचे) दोन डोस लागतात. कांजिण्यांच्या लसीचेही दोन लागतात, ती आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीये, खासगी डॉक्टरांकडे घेतली असेल तरच नोंद सापडेल. धार्मिक कारणाने सूट मिळायची ती 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा तो रस्ता कोणी सुचवला तर दुर्लक्ष करा. परदेशातून आलेल्या मुलांना पुढच्या डोसच्या अपॉइंटमेंट दाखवल्यावर 30 दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण ऑगस्टच्या शेवटी इथल्या दवाखान्यांत अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून जमेल तेवढं पुण्यातूनच करून या आणि कार्डावर प्रत्येक डोसची तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का नीट दिसतोय ना ते बघा. हाताने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं ते पिवळं कार्ड घेऊन आलात तर काउंटरवरची बाई तरी काय करणार.