वाचकांचे प्रश्न : व्हँकुव्हरचे लाल ‘डब्ल्यू’

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात व्हँकुव्हर येथे राहते. तिच्याकडे गेलो असता हेस्टिंग्ज रस्त्याजवळ एका उंच मनोऱ्यावर फिरणारे लाल ‘डब्ल्यू’ अक्षर पाहिले. चौकशी केल्यावर ‘तेथे पूर्वी दुकान होते’ एवढेच कळले. एका दुकानाची खूण शहराने इतकी का जपावी? त्या किनाऱ्यावरील जुन्या डिपार्टमेंट स्टोअरांचे पुढे काय झाले, आणि याविषयी अधिक पाहायचे झाल्यास कोठे पाहावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते अक्षर वुडवर्ड्स या दुकानाचे. आँटॅरिओतून आलेल्या चार्ल्स वुडवर्ड यांनी १८९२ मध्ये व्हँकुव्हरात दुकान काढले आणि १९०३ मध्ये ते हेस्टिंग्ज व ॲबट रस्त्यांच्या नाक्यावर आणले. ही जागा का निवडली, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला शहरात मोठी जमीन मिळाली होती आणि तिने आपले हॉटेल पश्चिमेकडील उंचवट्यावर, ग्रॅनव्हिल व जॉर्जिया रस्त्यांपाशी उभारले. हडसन्स बे कंपनीनेही १८९३ मध्ये तेथेच दुकान थाटले, त्यामुळे प्रतिष्ठितांची बाजारपेठ त्या बाजूला वळू लागली. याउलट हेस्टिंग्ज रस्ता बंदराला लागून होता. ट्राम तेथून जात, उपनगरी विद्युतगाड्यांचे स्थानकही जवळच होते, आणि आसपासच्या स्वस्त खोल्यांत लाकूडतोडे व खलाशी हंगाम संपला की येऊन राहत. वुडवर्ड्सचा ग्राहक हा असा होता.

शहराबाहेरचा ग्राहकही तितकाच महत्त्वाचा. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाचा किनारा समुद्राच्या लांबच लांब फाट्यांनी चिरलेला आहे. तेथील लाकूडतोडीच्या छावण्या आणि सामन मासा डबाबंद करणारे कारखाने यांपैकी अनेकांपर्यंत रस्ता नव्हता. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या युनियन स्टीमशिप कंपनीच्या बोटी हाच त्यांचा जगाशी संबंध. वुडवर्ड्सच्या सूचिपुस्तकात पाहून टपालाने मागवलेले बूट, पीठ, कंदील अशा बोटींतून किनाऱ्यावरच्या धक्क्यांवर उतरत. शहरवासीयांना मात्र आठवतो तो मुख्यतः तळघरातील खाद्यपदार्थांचा विभाग आणि महिन्यातून एकदा मंगळवारी भरणारा ‘एक डॉलर एकोणपन्नास सेंट’चा सवलतीचा दिवस, ज्याची आकाशवाणीवरील शीळ आजही जुन्या माणसांच्या ओठांवर आहे.

बाकीच्या दुकानांचा हिशेब थोडक्यात सांगता येईल. वेल्समधून आलेल्या डेव्हिड स्पेन्सर यांचा व्यापार प्रांताची राजधानी असलेल्या व्हिक्टोरियात वाढला, १९०७ मध्ये व्हँकुव्हरात आला आणि १९४८ मध्ये टोरांटोच्या ईटन्सने विकत घेतला. ईटन्सचे दिवाळे १९९९ मध्ये वाजले. हडसन्स बे कंपनीने व्हिक्टोरिया हे ठाणे १८४३ मध्ये बांधले, म्हणजे या भागात दुकान आधी आले आणि शहर मागाहून. तिला सनद दिली ती १६७० मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने, ज्याने दोनच वर्षांपूर्वी मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले होते. या कंपनीची उरलीसुरली दुकाने जून २०२५ च्या आरंभी बंद झाली.

वुडवर्ड्स १९९३ मध्ये बुडाले, आणि त्याचे खापर नेहमी परिसराच्या दारिद्र्यावर फोडले जाते. आमच्या मते क्रम बराचसा उलटा आहे. १९५० मध्ये पश्चिम व्हँकुव्हरातील पार्क रॉयल आणि १९५९ मध्ये ओकरिज या व्यापारी संकुलांत दुकाने उघडून मोटारवाल्या ग्राहकाला हेस्टिंग्जपासून दूर नेले ते स्वतः वुडवर्ड्सनेच. त्याच दशकात ट्राम आणि उपनगरी विद्युतगाड्याही बंद झाल्या. दुकान गेल्यावर आजूबाजूचे उरलेसुरले व्यापारीही निघाले आणि प्रचंड इमारत वर्षानुवर्षे रिकामी पडली. २००२ च्या शरद ऋतूत बेघर लोकांनी तिचा ताबा घेतला आणि पुढे कित्येक आठवडे, हुसकावले गेल्यावरही, तिच्या भोवतीच्या पदपथांवर ठाण मांडले. त्यांची मागणी घरांची होती. २००६ मध्ये सर्वांत जुना भाग राखून बाकीची इमारत सुरुंगाने पाडण्यात आली. नव्या संकुलात सायमन फ्रेझर विद्यापीठाचा कलाविभाग, खासगी सदनिका आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सुमारे २०० घरे आहेत. आपण पाहिलेले अक्षर २०१० मधील प्रतिकृती होय; गंजलेले मूळ अक्षर खाली चौकात काचेआड ठेवले आहे. शहराने ते जपले ते केवळ खरेदीच्या आठवणीखातर असे मानणे भोळेपणाचे ठरेल. जागेवरच्या भांडणात घरे मागणारे आणि नवे संकुल उभारणारे अशा दोन्ही पक्षांना आपले म्हणता येईल अशी तेवढीच एक खूण उरली होती.

पुन्हा जाणे झाले तर संकुलाच्या आतील आवारात कलावंत स्टॅन डग्लस यांचे शेजारच्या गॅसटाउन भागातील १९७१ च्या दंग्यावरील भव्य छायाचित्र अवश्य पाहावे. त्यात दाखवलेला प्रसंग जवळच्याच ॲबट व कॉर्डोवा रस्त्यांच्या नाक्यावरचा आहे. अधिक शोधासाठी व्हॅनियर उद्यानातील नगर दप्तरखाना सोयीचा आहे. शहराचे पहिले दप्तरदार मेजर मॅथ्यूज यांनी १९३० च्या दशकात एकहाती जमवलेल्या कागदपत्रांवर तो उभा आहे. घरबसल्या पाहायचे असेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाने १८६० ते १९५५ पर्यंतच्या नगर-निर्देशिका संगणकावर मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत; त्यांत रस्त्यावार प्रत्येक दुकानाची नोंद सापडते, आणि एखाद्या नाक्यावर कोण आले व कोण गेले हे वर्षागणिक लावता येते.